ॲन्सिबलमध्ये सर्व्हरचे गट: कमांड नेमकी कुणावर चालणार?

सर्व्हर एकच असेल तर प्रश्न येत नाही. एसएसएचने आत शिरायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. पाच असले तरी पाच टर्मिनल उघडून निभावतं. चाळीस झाले की मात्र हाताने काम करणं सोडावं लागतं आणि कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट टूल घ्यावं लागतं. काय करायचं ते एकदा लिहून ठेवायचं आणि ते टूल ते काम सगळ्या मशीनवर करून येतं.

यातल्या 'काय करायचं' या भागावर भरपूर लेख सापडतात. 'कुणावर करायचं' हा भाग बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. माझा अनुभव उलटा आहे. काम चुकीचं लिहिलं तर टूल बहुधा एरर देतं. काम बरोबर आणि मशीन चुकीची असतील, तर टूल ते काम बिनबोभाट, हिरव्या अक्षरांत 'झालं' म्हणत पार पाडतं. म्हणून हा लेख फक्त त्या दुसऱ्या भागावर आहे.

उदाहरणं ॲन्सिबलची आहेत. मायकेल डीहान यांनी 2012 मध्ये हे टूल आणलं, 2015 मध्ये रेड हॅटने ते विकत घेतलं. प्रत्येक मशीनवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की पुरतं, म्हणून छोट्या टीम बहुतेक इथूनच सुरुवात करतात. एक सूचना: या लेखात कमांड आणि फाइलमधली नावंही देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. चिन्हं मात्र इथे आहेत तशीच ठेवा, कारण खरी गंमत चिन्हांत आहे.

आमचे डबे

मी ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचे नंदुरबार जिल्ह्यात 41 छोटे सर्व्हर आहेत. सर्व्हर म्हणजे तळहाताएवढा संगणक, एसडी कार्ड आणि वायफाय, सगळं एका प्लास्टिकच्या पेटीत. वसतिगृहांमध्ये आणि शाळांमध्ये ते बसवलेत. इंटरनेट नसलं तरी मुलांना धडे, व्हिडिओ, सरावाचे प्रश्न त्यावरून उघडता येतात. सगळे त्याला डबा म्हणतात, आम्हीही. प्रत्येक डबा मोबाइल नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरशी व्हीपीएनचा बोगदा उघडून ठेवतो आणि ॲन्सिबल त्या बोगद्यातून आत जातं.

जिल्ह्यात सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. पहिल्या चार तालुक्यांतले आमचे सगळे डबे मेनच्या विजेवर चालतात. अक्कलकुवा आणि अक्राणीतले बरेचसे सातपुड्यात आहेत आणि सोलर पॅनलवर चालतात. कागदावर सगळे 41 डबे एकसारखे: तेच हार्डवेअर, तीच सिस्टीम. पण नंदुरबार शहराजवळचा डबा बंद पडला तर मी दुपारच्या चहापर्यंत परत येतो, आणि अक्राणीतला पडला तर दिवस मोजावे लागतात.

चूक कुठे झाली

सुरुवातीला मी मशीनची नावं गावावरून किंवा तालुक्यावरून ठेवली होती: नंदुरबार-01, शहादा-03, धडगाव-02 अशी. इन्व्हेंटरीत, म्हणजे मशीनची यादी असलेल्या फाइलमध्ये, एकच मोठा गट होता, 'नंदुरबार'. जिल्ह्याच्या नावाने. धुळ्याकडेही काही मशीन येणार होती, त्यांच्यासाठी 'धुळे' असा वेगळा गट करायचा विचार होता. तेव्हा हे सगळं अगदी सरळ वाटलं होतं.

जुलैमध्ये कर्नलचं अपडेट आलं, त्यानंतर रीबूट आवश्यक होतं. ठरवलं, आधी नंदुरबार तालुक्यातल्या नऊ डब्यांवर करून बघू. ते जवळ आहेत, मेनच्या विजेवर आहेत. मी लिहिलं:

ॲन्सिबल-प्लेबुक अपडेट.वायएमएल --लिमिट 'नंदुरबार*'

माझ्या डोक्यात अर्थ होता, 'ज्यांचं नाव नंदुरबारने सुरू होतं ती मशीन'. ॲन्सिबलने अर्थ घेतला, 'नंदुरबारने सुरू होणारी मशीन आणि नंदुरबारने सुरू होणारे गट'. पॅटर्न आधी गटांच्या नावांशी जुळवून पाहिला जातो, आणि त्यात तारा असेल तर मशीनच्या नावांशीही. 'नंदुरबार' हा गट जुळला, म्हणजे अख्खा जिल्हा जुळला. 41 पैकी 41.

हा बग नाही. डॉक्युमेंटेशननुसार हे बरोबर चाललं. पॅटर्नमध्ये गट आणि मशीन एकाच रांगेत उभे असतात आणि ही गोष्ट मला तोपर्यंत धड माहीत नव्हती.

आठवडाभर ढग होते. सोलरवरच्या नऊ डब्यांपैकी काहींच्या बॅटऱ्या जेमतेम धुगधुगत होत्या. चालू डबा तेवढ्यावर तग धरतो, पण अपडेट आणि रीबूटचा भार पडला की व्होल्टेज खाली जातं आणि चार्ज कंट्रोलर पुरवठाच तोडतो. एसडी कार्डवर लिहिणं अर्धवट राहिलं की फाइल सिस्टीम बिघडते. नऊपैकी तीन डबे परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका वसतिगृहातून फोन आला. "भाऊ, तुमच्याकडून काही केलंय का? काल संध्याकाळपासून पोरांचे धडे उघडत नाहीत." केलंय, म्हणालो. मग मी आणि एक सहकारी कार्डांच्या प्रती घेऊन निघालो. तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की तो बंद. आम्ही पोचलो तेव्हा बंदच होता. शहाद्यावरून फिरून गेलो. तीन डबे उठवायला चार दिवस लागले.

पत्ता कसा लिहितात ते आठवा

परतताना गाडीत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. 'नंदुरबार' म्हणजे नक्की काय? शहर आहे, तालुका आहे, जिल्हा आहे. विधानसभेचा मतदारसंघ आहे. लोकसभेचाही आहे आणि तो तर जिल्ह्याच्या बाहेर जातो: त्यातल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चार नंदुरबार जिल्ह्यातले, साक्री आणि शिरपूर हे दोन धुळे जिल्ह्यातले. एका शब्दाचे पाच अर्थ, आणि मी तो शब्द कुठलाही खुलासा न देता मशीनला सांगितला.

माणसांनी हा घोळ कधीच सोडवलाय. आपण पत्ता लिहिताना 'ता. नंदुरबार, जि. नंदुरबार' असं लिहितो. पोस्टमनला कधी प्रश्न पडत नाही. तेच मी इन्व्हेंटरीत आणलं. प्रत्येक गटाच्या नावाआधी तो कुठल्या प्रकारचा गट आहे ते लिहायचं:

[ता_नंदुरबार]
डबा-[001:009]

[ता_नवापूर]
डबा-[010:016]

[ता_शहादा]
डबा-[017:024]

[ता_तळोदा]
डबा-[025:029]

[ता_अक्कलकुवा]
डबा-[030:035]

[ता_अक्राणी]
डबा-[036:041]

[जि_नंदुरबार:चिल्ड्रन]
ता_नंदुरबार
ता_नवापूर
ता_शहादा
ता_तळोदा
ता_अक्कलकुवा
ता_अक्राणी

[सौर]
डबा-[032:035]
डबा-[037:041]

[चाचणी]
डबा-003
डबा-018
डबा-037

चौकटी कंसात गटाचं नाव, खाली त्यातली मशीन. 'चिल्ड्रन' जोडलं की त्या गटात मशीनऐवजी दुसरे गट येतात. कोलन घातलेला कंस म्हणजे रेंज, 001 ते 009 सगळे. पुढची शून्यं तशीच राहतात. गटाच्या नावात जोडरेघ वापरू नका, ॲन्सिबल त्यावर वॉर्निंग देतं, अंडरस्कोर चालतो. एक मशीन हव्या तितक्या गटांत असू शकतं. डबा-037 इथे तीन गटांत दिसतोय आणि जिल्ह्याचा गट धरला तर चार. शिवाय 'ऑल' नावाचा गट आपोआप असतोच, त्यात यादीतलं प्रत्येक मशीन येतं.

दुसरा बदल मशीनच्या नावांचा. 'धडगाव-02' गेलं, 'डबा-038' आलं. कारण अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, आणि लोक तालुक्यालाही सर्रास धडगावच म्हणतात. मी काही मशीनना 'धडगाव' नाव दिलं होतं आणि नंतर आलेल्या सहकाऱ्याने 'अक्राणी'. 'अक्राणी*' लिहिलं की निम्मे डबे गळायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. नवापूरचं तर रोमन स्पेलिंगच दोन प्रकारे लिहिलं जातं, व्हीने आणि डब्ल्यूने.

नावात माहिती कोंबली की ती माहिती बदलल्यावर नाव खोटं बोलू लागतं. हा जिल्हाच बघा ना: 1 जुलै 1998 पर्यंत हे सगळे तालुके धुळे जिल्ह्यात होते. उलट उदाहरणही याच जिल्ह्यातलं आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधारचा बारा अंकी क्रमांक मुद्दाम निरर्थक ठेवलाय, त्यावरून माणसाचं गाव, वय, जात काही कळत नाही. माणूस गाव बदलतो, क्रमांक तोच राहतो. मशीनचं नावही तसंच असावं. मध्यंतरी डबा-022 शहाद्याहून तळोद्याला हलवला. इन्व्हेंटरीतली एक रेंज मोडली, एक ओळ इकडची तिकडे गेली, एवढंच. मशीनचं नाव, बोगद्याची किल्ली, जुने लॉग सगळं जसंच्या तसं.

चिन्हं

आता पॅटर्न. ही चिन्हं पाठ असणं गरजेचं आहे.

कोलन किंवा स्वल्पविराम म्हणजे 'आणि हेही'. 'ता_तळोदा:ता_शहादा' म्हणजे दोन्ही तालुक्यांतले सगळे.

कोलनपुढे अँपरसँड म्हणजे 'दोन्हींत असलेलेच'. 'ता_अक्राणी:&सौर' म्हणजे अक्राणीतले फक्त सोलरवरचे, पाच डबे.

कोलनपुढे उद्गारचिन्ह म्हणजे 'हे सोडून'. 'जि_नंदुरबार:!सौर' म्हणजे सोलर वगळता जिल्हा, 32 डबे. जुलैत मला खरं तर याचीच गरज होती.

तारा म्हणजे काहीही अक्षरं, आणि सुरुवातीला टिल्ड टाकला तर पुढचा भाग रेग्युलर एक्स्प्रेशन समजला जातो. ही दोन्ही मी आता जवळजवळ वापरत नाही. गट नीट असतील तर त्यांची गरजच पडत नाही.

अवतरणचिन्हांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे खड्डा खोल आहे. पॅटर्न नेहमी एकेरी अवतरणचिन्हांत टाका. बॅशमध्ये उघडा अँपरसँड म्हणजे 'ही कमांड मागे चालू ठेव'. समजा तुम्ही अवतरणं विसरलात आणि लिहिलंत:

ॲन्सिबल-प्लेबुक अपडेट.वायएमएल --लिमिट ता_अक्राणी:&सौर

शेल ही ओळ अँपरसँडपाशी तोडतं. डावीकडचा भाग, म्हणजे 'अख्ख्या अक्राणी तालुक्यावर अपडेट', बॅकग्राउंडला सुरू होतो. उजवीकडे उरलेलं 'सौर' ही वेगळी कमांड समजली जाते आणि 'अशी कमांड नाही' असा एरर येतो. तुम्ही तो एरर वाचून 'चला, काही चाललंच नाही' असं म्हणता, आणि तोवर अपडेट चालू झालेलं असतं. उद्गारचिन्हाचंही तसंच, बॅश त्याचा अर्थ जुन्या कमांडच्या इतिहासातून काहीतरी शोधायचा असा घेतं. दुहेरी अवतरणांतसुद्धा. म्हणून एकेरीच.

दुसरा खड्डा क्रमाचा. तुम्ही चिन्हं कुठल्याही क्रमाने लिहा, ॲन्सिबल आधी सगळे 'आणि हेही' गोळा करतं, मग 'दोन्हींत असलेलेच' लावतं, शेवटी 'हे सोडून'. आणि गणितासारखे कंस टाकायची सोय नाही. मला एकदा हवे होते अक्राणीतले सगळे सहा आणि अक्कलकुव्यातले फक्त सोलरवरचे चार, मिळून दहा. मी लिहिलं 'ता_अक्राणी:ता_अक्कलकुवा:&सौर'. आले नऊ. आधी दोन्ही तालुके एकत्र झाले आणि मग त्या सगळ्यांना सोलरची चाळणी लागली. अक्राणीतला मेनच्या विजेवरचा एकमेव डबा, 036, गळून गेला. अशा वेळी पॅटर्नशी कुस्ती खेळू नका, इन्व्हेंटरीत नवा गट करा आणि त्याला नाव द्या. ज्या निवडीला नाव देता येत नाही, ती निवड बहुधा आपल्यालाच नीट कळलेली नसते.

तिसरा खड्डा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. वगळायच्या गटाचं नाव चुकलं तर? 'जि_नंदुरबार:!सौर' ऐवजी घाईत सौरमधलं एक अक्षर राहिलं. असा गट नाही, म्हणून ॲन्सिबल एक वॉर्निंग छापतं की हा पॅटर्न कशाशीच जुळला नाही, दुर्लक्ष करतोय. आणि काम पुढे सुरू, पूर्ण जिल्ह्यावर. वगळायचे होते तेच डबे आत आले. स्क्रीनवर शंभर ओळी धावत असताना ती एक जांभळट ओळ कोण वाचणार? यावर इलाज आहे: ॲन्सिबलच्या कॉन्फिग फाइलमध्ये इन्व्हेंटरी या विभागात 'होस्ट_पॅटर्न_मिसमॅच' ही सेटिंग 'एरर' करा. 2.8 पासून ती उपलब्ध आहे. मग न जुळणारं नाव दिसलं की काम सुरूच होत नाही. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आधी यादी, मग काम

कुठल्याही कमांडला शेवटी '--लिस्ट-होस्ट्स' जोडा. काम होत नाही, फक्त कुणाकुणावर होणार त्यांची यादी येते, वर कंसात आकडा. मी आधी आकडा बघतो. नऊ अपेक्षित असताना 41 दिसले असते, तर मी जुलैमधले ते चार दिवस ऑफिसात काढले असते.

सवयीवर विसंबणं मात्र पुरत नाही, थकलेल्या माणसाची सवय सुटते. म्हणून प्लेबुकच्या पहिल्या ओळीत, जिथे होस्ट्स लिहितात, तिथे मी आता 'ऑल' लिहीत नाही. तिथे एक व्हेरिएबल ठेवलंय आणि त्याला डीफॉल्ट दिलेलं नाही. लक्ष्य न सांगता प्लेबुक चालवलं तर ते एरर देऊन थांबतं. आधी 'ऑल' होतं आणि लिमिट लावणं माणसाच्या आठवणीवर सोडलं होतं. लिमिट विसरणं म्हणजे अख्खा जिल्हा. आता विसरणं म्हणजे एरर.

बरोबर मशीन निवडली तरी सगळ्यांवर एकदम चालवू नका. प्लेबुकमध्ये 'सीरियल' लिहिलं की काम तुकड्यांत होतं. आमच्याकडे आधी 1, मग 5, मग उरलेल्यांच्या 30 टक्क्यांच्या आसपास असे टप्पे आहेत. एका तुकडीतली सगळी मशीन पडली तर ॲन्सिबल पुढच्या तुकडीला हात लावत नाही. 'मॅक्स_फेल_पर्सेंटेज' देऊन ही मर्यादा आणखी कडक करता येते, पण लक्षात ठेवा, दिलेला आकडा ओलांडला तरच काम थांबतं, गाठला तर नाही. दहाच्या तुकडीत 30 लिहिलं तर तीन पडल्यावरही काम चालू राहील, चौथ्याला थांबेल.

आमच्याकडे याला एक अडचण आली. पहिला डबा अनेकदा नुसता बंद असतो, वीज नाही म्हणून. मग पहिल्याच तुकडीत सगळी मशीन 'अनरीचेबल' आणि काम थांबलं. त्यासाठी तो 'चाचणी' गट आहे: तीन डबे, त्यातला एक मुद्दाम सोलरवरचा, सगळे अशा ठिकाणचे जिथे फोन केला तर कुणीतरी उचलतं. नवं काही आलं की आधी 'चाचणी', दोन दिवस थांबायचं, मग '!सौर', आणि सोलरवाले सगळ्यात शेवटी, ऊन पडलेलं बघून दुपारी. एसएसएचचा टाइमआउट मुळात 10 सेकंदांचा असतो, डोंगरातल्या नेटवर्कला तो पुरत नाही. मी 30 केलाय.

दोन गटांत असलेल्या मशीनवर हुकूम कुणाचा?

नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहिलंय? राज्याची सीमा स्टेशनातूनच जाते. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लोक तिथे सीमेवर उभं राहून फोटो काढतात. दोन गटांतल्या मशीनचं असंच असतं, आणि दोन्ही गटांनी एकाच गोष्टीवर वेगवेगळं सांगितलं की प्रश्न उभा राहतो.

प्रत्येक गटाची व्हेरिएबल 'ग्रुप_व्हार्स' फोल्डरमध्ये त्या गटाच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवता येतात. मी 'सौर'मध्ये लिहिलं होतं की रोजची धडे-अपडेट दुपारी बाराला करा. कुणीतरी 'ता_अक्राणी'मध्ये लिहिलं रात्री दोनला, रात्री नेटवर्क मोकळं असतं म्हणून. दोघांचंही बरोबर. डबा-039 मात्र रात्री दोनला बॅटरीवर अपडेट ओढायला लागला.

वाचलं होतं की 'ॲन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी' वाढवली की तो गट जिंकतो. 'सौर'ला 10 दिली. फरक शून्य. अख्खी संध्याकाळ गेल्यावर कळलं की ॲन्सिबल आधी गटाची खोली बघतं. 'ता_अक्राणी' हा 'जि_नंदुरबार'च्या पोटात आहे, म्हणून तो एक पायरी खोल. 'सौर' थेट वरच्या पायरीवर. खोल गट जिंकतो, प्रायॉरिटी कितीही असो. खोली सारखी असेल तरच प्रायॉरिटी बघितली जाते, आणि तीही सारखी असेल तर नावाचा वर्णानुक्रम, त्यात शेवटी येणारा जिंकतो. म्हणजे रोमन अक्षरांत एसने सुरू होणारा 'सौर' टीने सुरू होणाऱ्या 'ता_अक्राणी'पुढे तरीही हरला असता. शेवटी 'वीज' नावाचा गट करून 'सौर'ला त्याच्या पोटात टाकलं, मग खोली जुळली आणि प्रायॉरिटी लागू झाली. ही प्रायॉरिटी इन्व्हेंटरीतच लिहावी लागते, ग्रुप_व्हार्समध्ये लिहून चालत नाही.

हे सगळं कळल्यावर मी ती व्यवस्था काढून टाकली. आता नियम साधा आहे: वेळापत्रक फक्त विजेच्या गटांत लिहायचं, तालुक्याच्या गटांत फक्त ठिकाणाशी संबंधित गोष्टी. एका व्हेरिएबलला एकच घर. कोण जिंकतं हे आठवायची पाळीच येऊ नये.

सॉल्टवाल्यांसाठी थोडं

सॉल्टमध्ये दिशा उलटी असते. मशीनवर मिनियन नावाचा एजंट बसतो आणि तो स्वतःच मास्टरला 4505 आणि 4506 या पोर्टवर जोडून घेतो. मोबाइल नेटवर्कमागे लपलेल्या मशीनसाठी हे सोयीचं, व्हीपीएनची गरज पडत नाही. टार्गेटिंगही जास्त समृद्ध आहे. मिनियन स्वतःबद्दलची माहिती ग्रेन्समधून सांगतो, उदाहरणार्थ कुठली सिस्टीम, किती मेमरी, आणि त्यावरून थेट निवड करता येते. कंपाउंड पॅटर्नमध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' आणि कंससुद्धा चालतात. माझा तो दहा डब्यांचा प्रश्न तिथे एका ओळीत सुटला असता.

पण ग्रेन्स म्हणजे मशीनने स्वतःबद्दल दिलेला जबाब. डबा कुणाच्या हाती लागला आणि त्याने ग्रेन बदलून 'मी डेटाबेस सर्व्हर आहे' म्हटलं, तर सॉल्ट ते मानेल. म्हणून पासवर्ड, किल्ल्या अशा गोष्टी कुणाला द्यायच्या हे ग्रेन्सवरून ठरवू नका. त्यासाठी मिनियनचा आयडी वापरा किंवा मास्टरच्या ताब्यात असलेली पिलरमधली माहिती. ॲन्सिबलमध्ये 'ग्रुप_बाय'ने फॅक्ट्सवरून चालू कामात गट तयार करता येतात, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते. सॉल्टचे ते दोन पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. 2020 मध्ये मास्टरमधल्या त्रुटींमुळे उघडे ठेवलेले मास्टर हल्लेखोरांच्या हाती गेले होते, आणि मास्टर गेला की सगळे गट एकदम गेले.

राहिलेल्यांची यादी

आमच्याकडे 41 पैकी 41 डबे एकाच वेळी चालू आहेत असं कधीच होत नाही. प्रत्येक अपडेटनंतर काही राहतातच. ॲन्सिबलमध्ये रिट्राय फाइलची सोय आहे, 2.8 पासून ती मुळात बंद असते, कॉन्फिगमध्ये चालू करावी लागते. मग पडलेल्या आणि न सापडलेल्या मशीनची नावं एका फाइलमध्ये लिहिली जातात आणि पुढच्या वेळी फक्त त्यांच्यावर काम चालवता येतं:

ॲन्सिबल-प्लेबुक अपडेट.वायएमएल --लिमिट @अपडेट.रिट्राय

लक्ष्य सांगायचं व्हेरिएबल या कमांडलाही द्यावं लागतंच, लिमिट त्यातून फक्त चाळणी लावतं. ही फाइल नवी धाव अयशस्वी झाली की पुन्हा लिहिली जाते, म्हणून हवी असेल तर आधी प्रत काढून ठेवा.

मागच्या अपडेटची फाइल माझ्यासमोर उघडी आहे. तिच्यात चार नावं होती, आता एकच उरलंय, डबा-041. वसतिगृहातून फोन आला होता, पॅनलवरची धूळ पुसलीय, दिवा लागलाय, पण टॉवरला रेंज नाही. दुपारी पुन्हा चालवून बघतो.